तात्याची किडनी: इग्वानाचं आजारपण, शेवट आणि नंतरची कागदपत्रं

इग्वानाची किडनी निकामी होत चालली आहे हे बाहेरून दिसेपर्यंत ती बहुतेक गेलेली असते. हे आम्हाला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, आणि शेवटी पोस्टमॉर्टेमच्या अहवालात तेच लिहून आलं. तात्या हा आमचा नर इग्वाना, म्हणजे पाला खाणारा मोठा परदेशी सरडा, अंदाजे आठ वर्षांचा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वाचार फूट. नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ हा त्याच्या आजारपणाचा काळ. त्या काळात आम्हाला जे शोधत बसावं लागलं, ते एका जागी असावं म्हणून हे लिहितो आहे. कुत्रं आजारी पडलं तर विचारायला गल्लीत दहा माणसं भेटतात. सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तसं होत नाही, आणि इंटरनेटवर जे मिळतं ते बहुतेक परदेशातल्या घरांना आणि दवाखान्यांना धरून लिहिलेलं असतं.

आजारपणाच्या आधीची एक गोष्ट पुढे फार कामाला आली, म्हणून ती आधी. हिरवा इग्वाना साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधल्या प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले: ज्यांच्या घरी असे प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत परिवेश २.० या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंद करायची. आम्ही ऑगस्टमध्ये मुदतीच्या आत अर्ज भरला. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला असलं तरी अर्ज ऑनलाइनच जातो, त्यामुळे तिथे चकरा मारायची गरज पडली नाही. अर्जाची छापील प्रत आम्ही तात्याच्या प्रवासाच्या पेटीच्या झाकणाला प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवून टाकली. याचं कारण साधं आहे. आपल्याकडे इग्वाना पाहिला की निम्मे लोक ‘घोरपड!’ म्हणून ओरडतात, आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. दवाखान्याच्या दारात एका काकांनी आम्हाला चांगलंच दरडावलं, "काय ओ, घोरपड धरून आणलीया काय?" कागद दाखवल्यावर तेच काका पेटी उचलू लागले.

आजार पहिल्यांदा कळला तो वजनावरून. दर रविवारी सकाळी, खाणं देण्याआधी, किराणा दुकानात असतो तसल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा क्रेट ठेवून वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं, ही आमच्या घरातली जुनी सवय. दिवाळीच्या सुमारास तो ३.४ किलो होता. नोव्हेंबर संपता संपता ३.०५ झाला. दहा टक्के वजन गेलं की डॉक्टर गाठायचा, हा हिशेब कुठल्याही सरपटणाऱ्या प्राण्याला लागू करायला हरकत नाही. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. तो खात होता, फक्त निम्मं टाकत होता. दुसरी खूण जास्त बोलकी होती: तो भांड्यातून पाणी प्यायला लागला. इग्वानाला बहुतेक पाणी पाल्यातूनच मिळतं. तो रोज भांड्याशी जाऊन घटाघट पिताना दिसत असेल तर ते कौतुकाचं लक्षण नाही. तिसरी खूण म्हणजे शी. एक दिवसाआड होणारी आठवड्यावर गेली, आणि तीही कुंथून.

या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे एक्स-रे पाहिल्यावर समजलं. इग्वानाच्या किडन्या पाठीत वर नसतात, कमरेच्या हाडांच्या कड्यात आत बसलेल्या असतात. त्या सुजल्या की हाडाच्या कड्यातून पुढे पोटात येतात आणि आतड्याचा शेवटचा भाग दाबतात. त्यामुळे बद्धकोष्ठ झालं म्हणून एरंडेल पाजत बसू नका. आधी एक्स-रे काढा.

डॉक्टर शोधताना फोनवर तीन प्रश्न विचारावेत असं मी सांगेन. शेपटीतून रक्त घेता येईल का, एक्स-रे तिथेच निघतो का, आणि आधी इग्वाना किंवा कासव हाताळलं आहे का. कोल्हापुरात गाईम्हशींचे आणि कुत्र्यांचे उत्तम डॉक्टर आहेत, पण सरपटणारे प्राणी नेहमी पाहणारे मोजकेच. आम्हाला भेटलेले डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी इग्वाना पाहिलेत, पण फार नाहीत. पुण्यातल्या सरांना विचारून मग सांगतो." ज्याला फोन करून विचारायला कमीपणा वाटत नाही असा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. तपासणीचे ४०० रुपये आणि दोन बाजूंच्या एक्स-रेचे १,२०० झाले. डिसेंबरचा पहिला आठवडा होता.

रक्ताबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोळ होण्याची जागा हीच आहे. रक्त शेपटीच्या खालच्या बाजूने, मधल्या रेषेत सुई घालून घेतात. तीन किलोच्या प्राण्याचं दोन मिली रक्त घेतलं तर काही बिघडत नाही. ते हेपरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत जायला हवं. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्तावर कॅल्शियम आणि पोटॅशियमचे आकडे खोटे येतात. शहरातल्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रसायनांच्या तपासण्या होतात, पण पेशी मोजणारं यंत्र इथे उपयोगाचं नाही. इग्वानाच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे यंत्राचा गोंधळ उडतो; काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावं लागतं. लॅबच्या फॉर्मवर आम्ही हे लिहून दिलं: कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक अॅसिड, एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन, सोडियम, पोटॅशियम, एएसटी आणि सीपीके. बिल १,६५० रुपये, आणि अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

लॅबवाल्यांनी ‘किडनी प्रोफाइल’ म्हणून आपणहून युरिया आणि क्रिएटिनिनही केलं होतं. दोन्ही अगदी व्यवस्थित, आणि ते पाहून घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. पण या दोन आकड्यांवरून इग्वानाच्या किडनीबद्दल काहीच ठरत नाही. माणूस आणि कुत्रा शरीरातला नायट्रोजनचा कचरा युरियाच्या रूपात टाकतात, इग्वाना तो युरिक अॅसिडच्या रूपात, शीबरोबर येणाऱ्या पांढऱ्या खडूसारख्या भागातून टाकतो. त्यातही युरिक अॅसिड वाढतं ते किडनीचा मोठा भाग निकामी झाल्यावर. आधी वर जातो तो फॉस्फरस. निरोगी इग्वानात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असतं. तात्याचं कॅल्शियम ९.१ आणि फॉस्फरस १३.६, म्हणजे गणित पार उलटं. डॉक्टरांनी दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून दाखवला: जवळजवळ १२४. हा गुणाकार ५५ च्या वर गेला की कॅल्शियम आणि फॉस्फरस एकत्र येऊन रक्तवाहिन्यांत, हृदयात आणि किडनीतच साचायला लागतात.

याच कारणाने एक इशारा. इग्वानाची बोटं थरथरायला लागली की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मारून घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. हाडं ठिसूळ झालेल्या लहान पिल्लाला त्याचा उपयोग होतो. फॉस्फरस वर असलेल्या किडनीच्या रुग्णाला तेच इंजेक्शन आतून चुना चढवतं. फॉस्फरसचा आकडा हातात आल्याशिवाय ते घेऊ देऊ नका. किडनीला मारक असलेली जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविकं आणि घरातल्या वेदनाशामक गोळ्या यांनाही हाच नियम.

डिसेंबरच्या मध्यात आम्ही त्याला पुण्याला नेलं. अंतर २३० किलोमीटर, पण सातारा ते कागल रस्ता सहापदरी करण्याचं काम तेव्हा चालू असल्याने वेळ धरून चालता येत नव्हतं. आम्ही सहा तास गृहीत धरले. पेटी अशी घ्या की त्याला वळता येणार नाही पण शरीर सरळ ठेवता येईल, शेपूट वळवून बसली तरी चालते. तळाला टॉवेल, बाजूला जाड कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि पेटीत एक साधा थर्मामीटर. २६ ते २८ अंश राहिले की पुरे. पहाटे निघण्यापेक्षा ऊन वर आल्यावर निघणं हिवाळ्यात सोयीचं. गाडीत ब्लोअरचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका, कातडी कोरडी पडते, आणि या आजारात कोरडेपणा हाच मोठा शत्रू आहे.

पुण्यात सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या सुजलेल्या, आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चुना साचायला लागलेला. तपासणी आणि सोनोग्राफीचे मिळून ३,५०० रुपये, गाडीचे ५,००० वेगळे. किडनीचा तुकडा काढून तपासण्याचा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवला, पण भूल देण्यातला धोका सांगून हेही म्हणाले की निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहतील. आम्ही नको म्हणालो.

त्याच खोलीत त्यांनी आमच्याकडून एक गोष्ट करून घेतली, आणि या सगळ्या अनुभवातून एकच सांगायचं झालं तर मी तीच सांगेन. त्यांनी फाइलच्या मागे आम्हाला लिहायला लावलं: कुठे थांबायचं. तेव्हा तो शांत बसला होता, आमची डोकीही ठिकाणावर होती. आम्ही तीन ओळी लिहिल्या. औषध चालू असूनही फॉस्फरस पुन्हा १२ च्या वर गेला. तो स्वतःहून उन्हात किंवा दिव्याखाली जायचा बंद झाला. झटके आले. यांतल्या दोन गोष्टी घडल्या की थांबायचं. इग्वाना ओरडत नाही, विव्हळत नाही, आणि डोळे मिटून बसला तर झोपलाय की सोसतोय हे सांगता येत नाही. त्याच्याकडे पाहून ठरवू म्हटलं तर आपण ‘अजून आठवडाभर बघू’ असंच म्हणत राहतो.

घरचे उपचार म्हणजे मुख्यतः पाणी, ऊब आणि खाण्यातून जाणारा फॉस्फरस अडवणं.

पाणी कातडीखालून द्यायचं. डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला २० मिली सांगितलं होतं, म्हणजे त्याला ६० मिली, दोन्ही कुशींत निम्मं निम्मं. सलाइन कुठलं वापरायचं ते रक्ताचे आकडे पाहून डॉक्टरच सांगतात. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायची आणि थेंब मनगटावर टाकून पाहायचा; गार सलाइन दिलं तर त्याचं तापमान उतरतं. २० मिलीच्या सिरिंज आणि २३ नंबरची सुई. इग्वाना टॉवेलात गुंडाळून घ्यायचा, डोळ्यांवर कापडाची घडी टाकायची, एकाने पुढचा भाग आणि शेपटीचं मूळ धरायचं. शेपूट टोकाशी कधीच धरू नका, ती तुटते. सुई खवल्यावर टोचायची नाही, दोन खवल्यांच्या मधून, पुढच्या पायाच्या मागे कुशीतल्या सैल कातडीत, जवळजवळ आडवी. सलाइन जाताना तिथे पाण्याचा फुगा येतो, तो काही तासांत जिरायला हवा. दुसऱ्या दिवशीही फुगा तसाच असेल तर त्या दिवशी पाणी न देता डॉक्टरांना फोन करायचा, कारण शरीर पाणी पुढे नेत नाहीये असा त्याचा अर्थ. इंजेक्शनची औषधं आमचे डॉक्टर शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागातच देत. सरपटणाऱ्या प्राण्यांत मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडे जाऊ शकतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात, कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत.

ऊब हा कोल्हापूरच्या हिवाळ्यात खरा प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ अंशांवर उतरतं. इग्वानाला दिवसा बसायच्या जागी ३५ ते ३७ अंश आणि आजारपणात रात्रीही २६-२७ च्या खाली जाऊ न देणं आवश्यक. थंड इग्वानाला औषध लागू पडत नाही आणि खाल्लेलं पोटात कुजतं. १५० वॅटचा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून आम्ही रात्रभर चालू ठेवत होतो, वीज गेली तर इन्व्हर्टरवर. सकाळचं ऊन मात्र आपल्याकडे फुकट आणि सगळ्या ट्यूबपेक्षा सरस. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी, म्हणजे ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण, उरत नाहीत, म्हणून गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली ठेवून. हवेत ओल राहण्यासाठी कोमट पाण्याचे फवारे, आणि दिवसातून एकदा खांद्यापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. पाण्यात उतरला की बऱ्याचदा तिथेच शी होते, त्यामुळे ते भांडं फक्त त्याचंच.

खाण्याचं गणित आजारात बदलतं. निरोगी इग्वानाला जनावरांसाठी विकतात तो लसूणघास आणि शेवग्याचा पाला चांगला, पण दोन्हींत प्रथिनं जास्त, म्हणून बंद केले. पालक, अळू, राजगिरा यांत कॅल्शियमला बांधून ठेवणारं ऑक्झॅलेट भरपूर, तेही बंद. उरलं ते जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, लाल भोपळा, दुधी, श्रावणघेवडा. तुतीची पानं ओळखीच्या शेतकऱ्याच्या रेशीम-बागेतून मिळाली. किड्यांना घालायची म्हणून तिथे फवारणी करत नाहीत. सांगलीकडून द्राक्षाची पानं आणून द्यायला एकजण तयार होता, पण द्राक्षबागेत औषध किती मारतात हे आपण जाणतो. कपिलतीर्थ मंडईतल्या एका मावशींना आम्ही सांगून ठेवलं होतं, त्या भोपळ्याची कोवळी फोड बाजूला काढून ठेवत आणि रोज विचारत, "बरं हाय का तुमचं जनावर?" त्यांनी एकदाही हसून विचारलं नाही. ते मी विसरणार नाही.

फॉस्फरस अडवायचं औषध म्हणजे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, आम्लपित्तावर देतात त्यातलंच. ते पोटात खाण्यातल्या फॉस्फरसला धरून ठेवतं, म्हणून खाण्याबरोबरच द्यावं लागतं. उपाशी पोटी दिलं तर फारसं हाती लागत नाही. तो स्वतः खात नसेल तर भोपळा आणि जास्वंदीची पानं मिक्सरमधून गाळून सिरिंजने, जबड्याच्या कडेने, थोडं थोडं. पण आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, हा क्रम मोडू नये. गार पडलेल्या आणि सुकलेल्या प्राण्याच्या पोटात लगदा ढकलणं म्हणजे त्रास वाढवणं. सलाइन, सुया आणि औषधं मिळून महिन्याला हजाराच्या आसपास खर्च झाला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. फॉस्फरस ९.४ वर आलेला. तात्या गच्चीवर मान उंचावून गळ्याची पिशवी फुगवून बसायला लागला, जास्वंदीचं फूल हातातून ओढून घ्यायला लागला. आम्हाला किती बरं वाटलं हे सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी सावध केलं होतं: पाणी भरपूर गेलं की रक्तातले आकडे काही काळ चांगले दिसतात, किडनी त्याने परत येत नाही. तरीही ते दिवस आम्ही पुरेपूर घेतले, आणि ज्याला असे दिवस मिळतील त्याने ते घ्यावेत. फोटो काढा, गच्चीवर त्याच्याजवळ बसा. पुढच्या तपासणीचं ओझं त्या दिवसांवर टाकू नका.

महिन्याच्या शेवटी वजन वाढलं. २.८ वरून २.९५. घरात कुणीतरी ‘सुधारतोय’ म्हटलं. पण शेपटीच्या मुळाशी आणि कमरेशी हात लावला तर हाडं पूर्वीपेक्षा जास्त टोचत होती. वाढलं होतं ते अंगातलं पाणी. हनुवटीखाली आणि मागच्या पायांत सूज होती. या टप्प्यावर काट्यावर विश्वास ठेवू नका, हाताने चाचपून पाहा. दोन दिवसांत पुढच्या पायाची बोटं थरथरायला लागली, आणि सकाळी हीटर बंद होऊन दिवा लागला तरी तो जागेवरून हलेना. उचलून दिव्याखाली ठेवलं तर तिथेच, ठेवला तसा. रक्त पाहिलं: फॉस्फरस १५.२. फाइलच्या मागच्या तीन ओळींपैकी दोन पूर्ण झाल्या होत्या.

त्या रात्री आम्ही वाद घातला नाही, हे त्या ओळींमुळे. रडलो मात्र सगळे.

इग्वानाला शांतपणे मरण देणं हे कुत्र्याला देण्यासारखं नसतं, आणि डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायला हवं ते यासाठीच. सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू प्राणवायूशिवाय बराच वेळ तग धरतो. त्यामुळे नुसतं शेवटचं इंजेक्शन पुरत नाही. आधी स्नायूत भुलीचं औषध देऊन पूर्ण बेशुद्ध करायचं. चिमटा काढला, डोळ्याच्या पापणीला स्पर्श केला तरी प्रतिसाद नाही याची खात्री करायची. मग जास्त मात्रेतलं भुलीचं औषध शिरेतून, आणि त्यानंतर, प्राणी खोल बेशुद्धीत असताना, मेंदू नष्ट करण्याची एक कृती. ही शेवटची कृती ऐकायला कठोर वाटते, पण तो पुन्हा शुद्धीवर येणार नाही याची ती हमी आहे. आम्ही दुसऱ्या इंजेक्शनपर्यंत खोलीत होतो आणि मग बाहेर आलो. थांबायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं इतकंच.

दोन गोष्टी ठामपणे सांगतो. प्राण्याला फ्रीजरमध्ये ठेवून ‘झोपेत जाऊ देणं’ हा दयाळू मार्ग नाही. गोठताना त्याला वेदना होत नाहीत असं मानायला आधार नाही. आणि हृदय चालू दिसलं तर घाबरू नका. मेंदू गेल्यावरही सरपटणाऱ्या प्राण्याचं हृदय बराच वेळ, कधी तासभराहून जास्त, आपोआप धडधडत राहतं. आमच्या डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं. ठोके ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राचा तो आवाज ऐकून माझी बहीण हादरली असती. प्राणी घरीच, डॉक्टर नसताना गेला असं वाटलं तर उलटी अडचण असते: थंडीने निपचित पडलेला इग्वाना मेलेल्यासारखाच दिसतो. आधी ऊब द्या, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, घाईने पुरू नका. दवाखान्याची खोलीही उबदार हवी, कारण थंड शरीरात भूल फार हळू चढते. आम्ही गरम पिशव्या बरोबर नेल्या होत्या.

पोस्टमॉर्टेम करून घ्यायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. ते त्याच दिवशी होणार नसेल तर शरीर फ्रीजच्या साध्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास ठेवायचं. फ्रीजरमध्ये मुळीच नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं काही उरत नाही. चोवीस तासांच्या आत झालेलं उत्तम. दुसऱ्या गावी न्यायचं असेल, शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून, तर थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण शरीर आणि बर्फ यांच्यात वर्तमानपत्राचा जाड थर हवा. आमच्या डॉक्टरांनी कोल्हापुरातच केलं आणि किडनी, यकृत, हृदय यांचे तुकडे दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून लॅबला पाठवले. तुकडा अर्ध्या ते एक सेंटीमीटरपेक्षा जाड नको आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं, नाहीतर आतला भाग कुजतो. बरणीवर प्राण्याची जात, वय, अवयव आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. शाई फॉर्मॅलिनमध्ये पसरते. शेवटची इंजेक्शनं आणि पोस्टमॉर्टेम ३,००० रुपये, लॅबचे २,५०० वेगळे.

दफन करवीर तालुक्यातल्या आमच्या शेतात केलं. खड्डा कमरेएवढा तरी खोल हवा, विहीर आणि बोअरपासून लांब. शरीरात भुलीच्या औषधाची मोठी मात्रा असते. कुत्र्यांनी किंवा घारींनी उकरून खाल्लं तर तेही दगावतात. वर दगड रचावेत. शेत नसेल तर शरीर दवाखान्याकडेच सोपवता येईल का ते आधी विचारून ठेवा, नाहीतर महापालिकेच्या आरोग्य विभागात.

मृत्यूची माहितीही परिवेशवरच द्यावी लागते. नोंदणीचा क्रमांक, मृत्यूची तारीख, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा दाखला आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल आम्ही जोडला. दाखल्यावर डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव, इग्वाना इग्वाना, लिहिलेलं आहे ना, ते दवाखान्यातून निघण्याआधीच पाहा. त्या दिवशी मन ठिकाणावर नसतं, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बरोबर न्या आणि कागदांचं काम त्याच्याकडे द्या. जोडलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती आणि पोर्टलवरच्या पोचचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुढे दुसरा प्राणी घरी आणायचा झाला तर आधीच्या नोंदीचं काय झालं हे दाखवता आलं पाहिजे.

लॅबचा अहवाल मार्चमध्ये आला. किडनीच्या जागी बहुतांश तंतुमय जाळं, नलिकांत चुना, हृदयाच्या आवरणावर युरिक अॅसिडचे पांढरे थर. हे काही महिन्यांत झालेलं नाही, वर्षानुवर्षांचं आहे, असा शेरा. तात्या आमच्याकडे आला तेव्हा तीन वर्षांचा होता आणि आधीच्या घरी त्याला उकडलेली अंडी आणि मांजराचं खाद्य मिळत असे. पाला खाणाऱ्या प्राण्याला प्राणिज प्रथिनं आणि त्यावर कमी पाणी, हे इग्वानाच्या किडनीच्या आजारामागचं नेहमीचं कारण मानलं जातं. लहान इग्वाना घेणाऱ्यांनी हे वाचावं: अंडं खायला घातल्यावर तो झपाट्याने वाढतो, चकाकतो, आणि परिणाम दिसायला पाच-सात वर्षं लागतात. चौथ्या वर्षापासून वर्षातून एकदा फॉस्फरस तपासत राहिलं तर हा आजार वजन उतरायच्या आधी हाती लागू शकतो.

दुःखाबद्दल थोडं. "सरड्यासाठी एवढं?" हे ऐकायला मिळतं, तोंडावर आणि मागे. त्याला उत्तर देत बसण्याची गरज नाही. ज्या प्राण्याचं रोजचं तापमान, पाणी, पाला, वजन वर्षानुवर्षं आपण पाहिलं, तो गेल्यावर दिवसाची घडीच मोडते. आमच्याकडे सकाळचा दीड तास रिकामा पडला आणि तो फार जड गेला. भाचीला आम्ही ‘झोपला’ असं सांगितलं नाही. "तात्याची किडनी बंद पडली, त्याला दुखू नये म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला," असं सांगितलं. तिने विचारलं, दुखलं का? नाही म्हणून सांगता आलं, कारण ते खरं होतं.

आवराआवरीत एक काळजी घ्या. इग्वाना निरोगी असला तरी त्याच्या शीतून साल्मोनेला पसरू शकतो. लाकडी फांद्या आम्ही जाळून टाकल्या. भांडी, जाळी आणि फरशी आधी साबणाने घासून मग ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली, दहा मिनिटं तसंच ठेवून. घाणीवर थेट ब्लीच ओतलं तर त्याचा उपयोग होत नाही, आणि ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नये. थर्मोस्टॅट आणि सिरॅमिक हीटर पुसून एका कासववाल्यांना दिले. यूव्हीबी ट्यूब दिली नाही; ती उजेड देत राहते, पण सहा महिने ते वर्षभरात त्यातली यूव्हीबी संपते. वजनाच्या वहीची आणि तिन्ही रक्त-अहवालांची एक प्रत कोल्हापूरच्या डॉक्टरांना दिली. त्यांच्याकडे आता आणखी एक इग्वाना येतो, मादी, पाच वर्षांची, आणि तिचा फॉस्फरस त्यांनी पहिल्याच भेटीत तपासला.